चारशे पानं आणि आठ मिलीमीटर

लांडेवाडी, भोसरी
रविवार

तीर्थरूप सौ. विजयश्रीवहिनींस,

तुमचा धाकटा दीर निरंजन याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे कागदावरच. गुरुवारपासून कंबर धरली आहे, एकदा खाली गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील.) आम्ही सगळे बरे आहोत. कौशल्येचा खोकला गेला, निशिगंधा ताथवड्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला गेली आणि आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता तिसऱ्यांदा खोदला. तुमच्या गुडघ्याचं काय? तेल लावता की नुसतं बाटलीकडे बघता? औशात सध्या नळाला किती दिवसांआड पाणी येतं? दादांची तब्येत मी विचारत नाही. तो हक्क मी तुमच्या वास्तुशांतीच्या दिवशी घालवून बसलो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि अख्ख्या गल्लीलाही. तरी पण त्यांची शुगर हल्ली किती असते, ते उत्तरात कुठंतरी कोपऱ्यात लिहून टाका. मी विचारलं म्हणून सांगू नका.

तर विषय कादंबरीचा. तुम्ही ‘वाजंत्र्यांचं घर’ पाठवलीत, सोबत चिठ्ठी जोडलीत की दोन महिन्यांत वाचून परत कर, लेखिकाबाईंची सही आहे, जिवापाड जप, आणि आमच्या वाचक मंडळासाठी स्वतःच्या हातानं अभिप्राय लिहून पाठव, मोबाईलवर नुसता अंगठा पाठवलास तर याद राख. वहिनी, शाळेतनं निवृत्त होऊन तुम्हाला चार वर्षं झाली, पण हुकूम अजून फळ्यासमोर उभं राहिल्यासारखाच सुटतो. आयटीआयची दोन वर्षं तुमच्या हातचं जेवलोय, त्यामुळं नाही म्हणायची सोय नाही. शिवाय तुमच्या ओंकारकडून कळलं की मंडळाच्या बैठकीला दादासुद्धा येतात, मागच्या खुर्चीवर बसतात आणि सगळं ऐकून घेतात. म्हणून मी पुढं एका ठिकाणी लाल रेघ मारली आहे. रेघेच्या वरचं मंडळात वाचा. खालचं तुमच्यापुरतं.

पुस्तक सुखरूप आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमचं बीपी वाढणार नाही. झालं असं, की मी ते डब्याच्या सुट्टीत वाचायला कंपनीत न्यायला लागलो. बावीस वर्षांत माझ्या हातात ड्रॉइंग आणि व्हर्नियर सोडून कुणी काही बघितलं नव्हतं, त्यामुळं लाइनवर चर्चा सुरू झाली. पहिल्या दिवशी गणराज (आमचा लाइन लीडर, जेवताना सुद्धा घड्याळ बघतो) मागं उभा राहून अर्धं पान वाचून गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, त्या बँडवाल्या भावांचं पुढं काय झालं. आठवड्यात पुस्तकासाठी अकरा नावांची यादी लागली. मी हिशोब केला, एकेकाला बारा दिवस धरले तर चार महिने पार होतात आणि तुम्ही दिलेत दोन. गणराज म्हणाला, साहेब, यात काय अवघड आहे? एकाच स्टेशनवर सगळं काम अडकलंय, वाटून टाकू. वहिनी, आता जे सांगतो ते बसून वाचा. आम्ही पुस्तकाची शिवण सोडवली. (हळूच सोडवली हो! टाके एकेक करून कापले, पान एक फाटलं नाही.) सहा भाग केले, प्रत्येक भाग प्लास्टिकच्या पिशवीत घातला, वर कार्ड लावलं. कार्डावर भाग क्रमांक, कुणी घेतला, कधी परत केला, आणि शेवटी तपासणाऱ्याची सही, म्हणजे माझी. पहिल्या पानावरची लेखिकाबाईंची सही मी वेगळी काढून घरी कपाटात ठेवली.

ही पद्धत कंपनीत उत्तम चालते. कादंबरीत तिचा एक तोटा असा, की सहा माणसं एकाच दिवशी सहा जागी वाचायला लागतात. गणराजच्या वाट्याला चौथा भाग आला. त्यात सुरुवातीलाच एक विधवा बाई बँडच्या गणवेशांना सोनेरी काठ शिवत बसलेली आहे, तर तो आठवडाभर तीच नायिका धरून चालला होता. ती बाई दुसऱ्या भागात नव्हतीच म्हटल्यावर त्यानं माझ्याशी भांडण काढलं. पॅकिंगच्या शालनबाईंना (चाकणजवळच्या गावातनं येतात, चवथीपर्यंत शाळा, पण अक्षर माझ्यापेक्षा चांगलं) थेट सहावा भाग मिळाला. म्हणजे त्यांनी शेवट आधी वाचला, मग पाचवा, मग चौथा. त्या म्हणतात असं वाचलेलंच बरं, कोण कुठं पोचणार ते म्हाईत असलं म्हंजे मधल्या त्रासाचा त्रास होत न्हाई. मी त्यांना समजावून थकलो.

आता अभिप्राय. मंडळातल्या विद्वानांना सांगा, की हा माणूस फायनल इन्स्पेक्शनचा आहे, त्याला दोष काढायचाच पगार मिळतो, तरी त्यानं ही कादंबरी पास केली आहे. आणि नुसती पास नाही, भाग परत येतील तसे मी ती दोनदा वाचली. पिराजी आणि दत्तू हे दोघं भाऊ, तालुक्याच्या गावात बापाचा बँड चालवतात, थोरल्याकडे क्लॅरिनेट, धाकट्याकडे मोठा ढोल. एवढीच गोष्ट, पण बाईंनी ती अशी लिहिली आहे, की माझ्यासारख्या माणसाला, ज्यानं लग्नात बँडकडे फक्त ‘कधी थांबणार’ म्हणून बघितलं, त्याला आता वरात दिसली की क्लॅरिनेटवाल्याचे ओठ बघावेसे वाटतात. क्लॅरिनेटची पत्ती वाळू नये म्हणून पिराजी ती जेवतानासुद्धा गालात धरून ठेवतो आणि म्हणून कुणाशी बोलत नाही, आणि लोक त्याला घमेंडखोर समजतात! हे वाचलं आणि मी डबा बाजूला ठेवला. काय लिहिलंय हो बाईंनी! उन्हात बारा तास उभं राहून वाजवलेल्या माणसाला यजमान पंगतीत शेवटी बसवतात ते पान मी गणराजला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा घड्याळ बघितलं नाही.

दोष आहेत. दोष नाहीत असं म्हणालो तर तुम्हालाच पटणार नाही. दत्तू घर सोडून आमच्या इकडे कंपनीत लागतो, तो सगळा भाग बाईंनी कुणाला तरी विचारून लिहिला आहे आणि ज्याला विचारलं तो ऑफिसात बसणारा असावा. पान दोनशे एकतीसवर दत्तू चालू प्रेसच्या बाजूला उभा राहून चहा पितो. आमच्याकडे असा कुणी चहा घेतला तर सेफ्टीवाला त्याला गेटपर्यंत सोडून येईल. शिफ्ट संपली की सगळी मशीनं आपोआप शांत होतात असंही लिहिलंय. कुठली हो शांत होतात! दुसऱ्या शिफ्टची माणसं आधीच येऊन उभी असतात. दुसरं म्हणजे, या कादंबरीतली माणसं आभाळाकडे फार बघतात. मी मोजलं, एकतीस वेळा. बोलायचं सुचलं नाही की बाई माणसाला आभाळाकडे बघायला लावतात. त्यातले वीस-बावीस सहज काढता आले असते. आणि ती विधवा बाई, जिच्यावर गणराजचा जीव जडला, तिचं पुढं काय झालं ते बाई पार विसरूनच गेल्या, त्यामुळं गणराजतर्फे माझी ही लेखी तक्रार.

पण वहिनी, खरी कादंबरी भर वरातीत आहे. पिराजीच्या मेव्हण्याच्याच लग्नात, सगळे सोयरे रस्त्यावर, आणि हा दत्तू ढोल थांबवतो आणि सगळ्यांदेखत थोरल्याला म्हणतो, तुझा सूर उतरलाय. अरे! ज्यानं तुला ढोल गळ्यात अडकवायला शिकवला, त्याला तू चारचौघांत सूर शिकवतोस? बरोबर असशील तू, पण ती जागा आहे का, ती वेळ आहे का? मला त्या दत्तूचा असा राग आला, की मी समासात पेन्सिलीनं ‘गाढव’ लिहिलं. (खोडून पाठवतो.) आणि पिराजी काय करतो? ओरडत नाही, मारत नाही. क्लॅरिनेट खाली घेतो, दत्तूला विचारतो, जेवलास का रे? आणि त्यानंतर बारा वर्षं बोलत नाही. ही बाई माणूस ओळखते. थोरले असेच असतात. रागावले की आधी रागवायचं सोडून देतात.

तुम्ही आत्ता हसताय. मला इथं दिसतंय. थांबा, रेघ अजून आलेली नाही.

आता शेवटाबद्दल. यासाठी तर बाईंना हात जोडावेत. बारा वर्षांनी दत्तू गावी परत येतो. अंगणात उभा राहतो. आत कंदील हलतो, पिराजीची चप्पल दाराशी आहे. दत्तू कडी वाजवतो आणि आतून पावलं येतात. बस्स. पान तीनशे चौऱ्याऐंशी, पूर्णविराम, कादंबरी संपली! दार उघडलं का? माहीत नाही. केवढं धाडस म्हणायचं हे! दुसऱ्या कुणी गळाभेट घातली असती, रडारड घातली असती. बाईंनी वाचकावर सोडून दिलं. शालनबाई मात्र म्हणत होत्या, साहेब, त्या दाराचं जे झालं ते वाचून मला लई रडू आलं. मी त्यांना डब्याच्या सुट्टीत सगळ्यांसमोर समजावलं, की बाई, मोठ्या साहित्यात दाराचं काही होत नसतं. जे झालं असं तुम्हाला वाटतं ते तुमच्या मनात झालं, यालाच वाचकाचा सहभाग म्हणतात. त्या म्हणाल्या, असंल, तुमी शिकलेली मानसं. चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही, पण वाद घातला नाही.

तेव्हा माझा निकाल असा. आमच्याकडे पार्ट तपासला की तीन गोष्टी होतात. चांगला असेल तर पास, वाईट असेल तर रिजेक्ट. आणि तिसरी म्हणजे, दोष आहे पण त्यानं काम अडत नाही, पार्ट जिथं बसायचा तिथं बसतो, तेव्हा त्याला डेव्हिएशनवर पास करतात. ते मात्र मला माझ्या अधिकारात करता येत नाही. ज्याला तो पार्ट वापरायचा आहे, त्यानं दोष बघून, मान्य करून, स्वतः सही द्यावी लागते. तर ‘वाजंत्र्यांचं घर’ ही कादंबरी, एकतीस वेळा आभाळ आणि एक कप चहा एवढ्या दोषांसकट, मी वाचक या नात्यानं डेव्हिएशनवर पास करतो आणि खाली सही करतो. मंडळानं बाईंना कळवावं.

(इथं लाल रेघ.)

वहिनी, हे पुस्तक तुम्ही मलाच का पाठवलंत, ते मला कळलं नाही असं समजू नका. एकशे बाराव्या पानावर, त्या वरातीत कळलं. त्या दिवशी तुमच्याकडे वास्तुशांतीची पूजा आटपली होती, गुरुजी दक्षिणेचं बघत होते, तुमच्या माहेरची मंडळी दारातच उभी. दादांनी अकरा वर्षं एकेक खोली वाढवत ते घर बांधलं आणि दाराची चौकट तर स्वतःच्या हातानं केली, तालुक्यातला एवढा नावाजलेला सुतार, दुसऱ्या कुणाला रंधा लावू दिला नाही. आणि मी काय केलं? काटकोन तपासायचा खिशातला गुण्या काढला, चौकटीच्या कोपऱ्याला लावला, मनात हिशोब केला, आणि सगळ्यांदेखत म्हणालो, दादा, सात फुटांत आठ मिलीमीटर बाहेर आहे. सवय हो, दुसरं काय. मी हॉटेलात गेलो तरी टेबल हलतंय का बघतो. पण तो गुण्या कुठला? मी भोसरीला निघालो तेव्हा दादांनीच दिलेला, सहा इंची. तो धरायचा कसा हे पण त्यांनीच शिकवलं, मी सात वर्षांचा असताना. त्यांनी माझ्या हातातून गुण्या घेतला, उलटसुलट बघितला, परत माझ्या खिशात ठेवला आणि विचारलं, जेवलास का? तेव्हापासून दोन वर्षं झाली.

मला आत्तापर्यंत एकच आधार होता, की माझं चुकलं असेल, पण माप चुकलं नव्हतं. म्हणून मीही फोन केला नाही. कौशल्या म्हणते, तुमचं माप घाला चुलीत. असो.

पुस्तक काळेवाडीच्या सोनबा बाइंडरकडे शिवायला दिलं आहे. पुठ्ठा नवा, कापड चॉकलेटी, सहीचं पान पहिल्या जागी. तुम्हाला कळणारसुद्धा नाही. तुम्हा उभयतांना (उभयतांना म्हणजे दोघांना, हे मी जाणूनबुजून लिहिलं आहे) नमस्कार सांगून, कंबरेला शेक घ्यायला उठतो.

तुमचा,
निरंजन

ता. क. (मंगळवार) पाकीट बंद करणार तेवढ्यात सोनबाचा फोन आला. साहेब, पुस्तक अपुरं आहे. मी म्हटलं, शक्य नाही, सहा भाग, सहा कार्डं, सहाही कार्डांवर माझी सही. तो म्हणाला, सही असंल, पण पानं न्हाईत. सोळा सोळा पानांच्या जुड्या असतात, ह्यात चोवीसच आहेत, पंचविसावी कुठाय? वहिनी, मी सगळ्या लाइनसमोर विचारलं. शालनबाईंनी पिशवीतनं डबा काढला, डब्याखालनं सोळा पानं काढली. सासूला वाचता येत नाही म्हणून शेवट वाचून दाखवायला घरी नेला होता, आणायचा राहून गेला. म्हणजे कादंबरी चारशे पानांची आहे. म्हणजे बारा वर्षांनंतर त्या दाराचं खरोखरच काहीतरी होतं, आणि ते शालनबाईंना माहीत आहे, त्यांच्या सासूला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि ज्यानं वाचकाच्या सहभागावर भाषण दिलं त्याला माहीत नाही. पानं न मोजता पास केलेला माझ्या बावीस वर्षांतला हा पहिला माल. शालनबाई नुसत्या हसल्या. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. जमलं. वाटलं होतं तितकं अवघड नाही.

आणखी एक ता. क. (बुधवार) पानं न मोजता सही केली, तर आणखी काय काय न तपासता चालवलं, हा विचार डोक्यातून जाईना. आमच्याकडे प्रत्येक मापाचं साधन वर्षातून एकदा गेज रूममध्ये तपासून घ्यावं लागतं, नाहीतर त्याचं माप धरत नाहीत. हा नियम मी नव्या पोरांना अगदी ओरडून शिकवतो. माझ्या खिशातला गुण्या बावीस वर्षांत एकदाही तपासलेला नव्हता. घरचाच आहे, त्याला काय होतंय, असं धरून. आज गेज रूमच्या श्रद्धाकडे दिला. तिनं दोनदा तपासला, मग मला बोलावून विचारलं, काका, हा कधी पडला होता का? शेकडो वेळा पडला असेल. सहा इंचांत अर्ध्या मिलीमीटरच्या थोडा वर बाहेर आहे. मी तिथंच कागदावर सात फुटांना गुणलं. आठ मिलीमीटर.

वहिनी, दादांची चौकट सरळ आहे. ती पहिल्यापासून सरळ होती. आणि दादांनी त्या दिवशी गुण्या उलटसुलट करून बघितला, तेव्हाच त्यांना कळलं असणार. सोयऱ्यांसमोर धाकट्याचा गुण्या खोटा पाडायचा नाही म्हणून गप्प राहिले आणि आठ मिलीमीटरचा डाग स्वतःच्या दारावर घेतला. दोन वर्षं ज्या मापावर मी अडून बसलो होतो, ते असं निघालं. आज मी जेवलो नाही. कौशल्या म्हणते, गुण्या बरोबर निघाला असता तरी माफी मागायलाच हवी होती. बरोबर म्हणते.

शेवटचा ता. क. पत्र टपालानं गुरुवारी निघेल, तुम्हाला शनिवारपर्यंत मिळेल. मी रविवारी सकाळी वल्लभनगरहून लातूरच्या गाडीनं निघतोय, पुस्तक माझ्याबरोबर. ती सोळा पानं अजून वाचलेली नाहीत. वाचायची हिंमत होत नाही. दार उघडलं असेल तर मी भलतीच आशा धरून येईन आणि उघडलं नसेल तर गाडीतच बसणार नाही. तुम्हीही सांगू नका. सोनबाला म्हटलंय, तेवढी जुडी सुटीच ठेव, तुमच्या ओट्यावर बसून वाचीन.

ती लाल रेघ खोडली आहे. शनिवारच्या बैठकीत सगळं पत्र वाचा, ही ता. क. सुद्धा. मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं वाचा. आणि दादांना विचारा, की एक जुना पार्ट आहे, बावीस वर्षं वापरलेला, काटकोनात नाही, पण तुमच्याच हातानं केलेला आहे, डेव्हिएशनवर पास करता का? सही तुमचीच लागते. नाही म्हणाले तरी मी येणारच आहे. फक्त कडी वाजली की या वेळी तुम्ही उठू नका, वहिनी. त्यांना उठू द्या.